अठरा टाक

टोळ्या गेल्या. परवा शेवटचा ट्रॅक्टर गावाबाहेर पडला आणि मागं उरलो आम्ही म्हाताऱ्या, शाळेची लेकरं आणि मालक गेलेली कुत्री. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यात पत्र्याच्या पेट्या, बाजरीच्या पिठाची गोणी, सरपण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. हात हलवतात तेव्हा बांगड्या दिसतात, तोंडं दिसत नाहीत, कारण धुळीसाठी पदर ओढलेला असतो. आमच्या शिरूर कासारकडच्या गावांना ह्यात नवं काही नाही. ऊसतोडीला जाणारे जातात, राहणारे राहतात. मी स्वतः कितीतरी हंगाम वरून हात हलवलाय. आता गुडघे गेले, म्हणून खालून हलवते.

हंगाम म्हटलं की मला आधी वास येतो. बाजरीचं सरमाड रचून ठेवलेलं असतं त्याचा. घरात गवतात सीताफळं पिकायला घातलेली असतात, दार उघडलं की गोड वाफ अंगावर येते तिचा. हवा कोरडी होते, ओठ फुटतात, सकाळी ओट्यावरचं ऊन सोडवत नाही. पण गेल्या वर्षीपासून सीताफळाचा वास आला की त्याच्यामागोमाग आणखी एक गोष्ट येते, आणि मी घरात एकटी असले तरी पदर तोंडाला लावते. लाज वाटते हो. ह्या वयात कसली लाज, असं आमच्या बायका म्हणतात. मी म्हणते, ह्या वयात नाही वाटायची तर मग कधी?

माझी लेक मंगल आणि जावई तोडीला गेले की त्यांची प्रज्ञा माझ्याकडं असते. गेल्या वर्षी ती सातवीत होती, तेरा वर्षांची. केस दोन वेण्यांत मावत नाहीत, बोलणं तोंडात मावत नाही. जाताना मंगल तिला एक जुना फोन देऊन गेली. कोपऱ्यात काच तडकलेली, मागून रबर लावलेलं. रोज मायलेकींचं बोलणं व्हावं म्हणून दिला होता. व्हायचंही बोलणं, पाच मिनिटं. ‘जेवलीस का’, ‘आजीला तरास देऊ नको’, आणि मागं उसाच्या पाचटाची सळसळ. पाच मिनिटं झाली की उरलेला सगळा दिवस फोनही रिकामा आणि पोरगीही रिकामी.

रविवार होता. मी ओट्यावर बाजरी पाखडत होते. प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती, एका हातात फोडलेलं सीताफळ, दुसऱ्या हातात फोन. बिया तोंडातून अंगणात उडवायची, कोंबड्या धावायच्या, फसायच्या, परत जायच्या.

“आजी, ह्यो गेम वय इचारतोय.”

“त्याला काय करायचंय तुझं वय? लगीन जमवायचंय व्हय?”

ती हसली. “तसं न्हाई गं. सोळाच्या वरलंच मानूस घेतो म्हनतोय. हे बघ, चौकटीत लिवलंय. सोळा आन् फुडं बेरजेची खूण. माझ्या वर्गातल्या वैशालीनं बी घेतलाय. किती टाकू?”

मी सूप खालीसुद्धा ठेवलं नाही.

“अठरा टाक,” म्हणाले. “अठरा म्हनलं की फुडं कुनी इचारत न्हाई.”

तिनं बोटानं वर्षं मागं सरकवली. आकडे चाकासारखे गरगर फिरले आणि थांबले. झाली अठराची. कोंबड्यांना हुसकायला लागावा एवढा वेळही लागला नाही.

आता शहरातली वाचणारी माणसं म्हणतील, आजी, एवढ्या सहज कसं सांगितलंत? तर वय आमच्याकडं कसं होतं ते ऐका. मी शाळेत गेले नाही, पण धाकट्या भावाला घालायला बापाच्या मागं मागं गेले होते. गुरुजींनी भावाला सांगितलं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. त्याला धरता आला. झालं, सहा वर्षं पुरी. जन्मतारीख लिहिली एक जून. त्याच्या आधीच्या पोराची एक जून, नंतरच्याची एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि कुणाला पेढा मिळत नाही.

पुढं मग जसं लागेल तसं. एसटीत अर्धं तिकीट होतं तोवर आमची पोरं बारा वर्षांच्या पुढं जायचीच नाहीत. म्हातारपणी सरकारचा पगार लागायची वेळ आली की तीच माणसं एका रात्रीत पाच-सात वर्षांनी पिकायची. माझी शेजारीण पारूबाई. तिनं एवढं वय वाढवून लावलं की कागदावर ती सख्ख्या थोरल्या बहिणीच्या पुढं गेली. बहीण आली की आम्ही ओरडतो, “पारूबाई, तुमची धाकटी आली. पाया पडायला लावा!” ती थोरली बिचारी बोळक्या तोंडानं हसते. पाहुण्याला विचारून चहात साखर घालावी, तसं आम्ही वय घालत आलो. विचारणारा जेवढं मागेल तेवढं. त्यात खोटं बोललो असं कधी वाटलंच नाही.

तर तो गेम. देखणा होता, खोटं कशाला सांगू. काळ्या डोंगरावर किल्ला, किल्ल्याला सात दरवाजे, पंखांचा सरडा आकाशातून आग ओकायचा, आणि प्रज्ञाची एक बाहुली होती, केस मोकळे, हातात तिच्याहून लांब तलवार. ‘आजी, ही मी.’ मी पण तिच्या खांद्यावरून बघायची. तिनं राक्षस मारला की मी ‘बरं केलंस!’ म्हणायची. शाळेतून आली की हातपाय धुवायच्या आधी आम्ही दोघी किल्ल्यावर. मला वाटलं, राक्षसांची गोष्ट आहे, पोरांचीच असणार. मोठी माणसं कशाला राक्षसांच्या नादी लागतील?

आणि मनात असंही वाटलं की मी काय कमी राक्षस सांगितलेत का? तोडीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चुलीपुढं, मंगल लहान असताना मी तिला ज्या गोष्टी सांगितल्या त्यात डोकी काय उडायची, हातपाय काय तुटायचे! हे मी पुष्कळ दिवस धरून बसले होते. मग नंतर, सगळं होऊन गेल्यावर, एकदा बाजरी निवडत बसले असताना कळलं, फरक कुठं आहे ते. गोष्ट सांगताना मंगलचं तोंड माझ्यासमोर असायचं. तिचे डोळे मोठे झाले की मी राक्षसाला झोपवायची, तिनं मांडी घट्ट धरली की राक्षसाला शिंक आणायची. तिच्या तोंडाकडं बघून गोष्ट पुढं सरकायची. फोनला कुठं पोराचं तोंड दिसतं? दिसत नाही, म्हणून तर त्यानं विचारलं होतं, बाई, तू किती वर्षांची? तेवढा एकच प्रश्न होता त्या बिचाऱ्याकडं. आणि त्याचं उत्तर मी दिलं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी शाळेला कसलीतरी सुट्टी होती. दुपारची वेळ. मी आत भाकरी टाकत होते. बाहेर गेमचं संगीत चाललं होतं ते एकदम थांबलं. पोरगी ओरडली नाही, काही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाकरी तव्यावर ठेवून बाहेर आले तर फोन ओट्यावर पालथा, आणि प्रज्ञा दोन्ही हात काखेत घालून बसलेली, थंडी वाजल्यासारखी.

हळूहळू तिनं सांगितलं. सहावा दरवाजा उघडायचा तर किल्ल्याखालच्या गावातली एक मुलगी राक्षसाला द्यावी लागते. ती मुलगी हातात परडी घेऊन दारात उभी असते. लहान असते. तिला ओढत न्यायचं ते आपल्याच बोटानं. बोट उचललं की ती थांबते, मागं बघते आणि हात जोडते. परत बोट ठेवलं की चालायला लागते. पुढं काय दाखवलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच लिहिते की सगळं दाखवलं. आणि माझ्या नातीनं ते स्वतःच्या बोटानं केलं.

मी फोन उचलला. खाली अक्षरं येत होती. ह्या गेममध्ये दूरदूरची माणसं एकत्र खेळतात आणि एकमेकांना लिहितात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. प्रज्ञाच्या नावापुढं तेच अठरा दिसत होतं, आणि तिनं मधेच थांबून लिहिलेलं होतं, ‘मला भीती वाटते, मी हे नाही करत.’ त्याच्याखाली कुणीतरी, कुठला कोण जाणे, लिहिलं होतं: ‘अठराची आहेस ना तू? मग घाबरतेस कशाला?’

मी ते मोठ्यानं वाचलं. मला मोठ्यानंच वाचायची सवय. पावसाळ्याचे तीन महिने बुद्धविहारात धम्माचं पुस्तक मीच वाचते, सगळ्या बायका ऐकतात. वाचलं, आणि वाटलं की हे बोलणं मी आधी कुठंतरी ऐकलंय. कुठं ते काही आठवेना. तवा जळत होता, धूर बाहेर आला होता.

त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी टाकून दिली. शेळीला आणायला मळ्यात एकटी जाईना. दोन-तीन दिवस झाले असतील, वेणी घालून घेता घेता मला विचारते,

“आजी, त्या पोरीची आई कुठं गेलती गं?”

“कुठल्या पोरीची?”

“गेममधल्या. ती परडीवाली. तिला वडत नेताना तिची आई कावून आली न्हाई?”

मला वाटलं, हसवावं पोरीला. म्हणाले, “तोडीला गेली आसंल.”

ती हसली नाही. तिची वेणी माझ्या हातात होती, म्हणून तिचं तोंड मला दिसलं नाही. बरं झालं आणि वाईटही झालं.

मग शाळेतल्या मॅडमनी बोलावलं. प्रज्ञा वर्गात लक्ष देत नाही, विचारलं की रडते, असं म्हणाल्या. मी प्रज्ञाला आणि फोनला घेऊन गेले. मॅडम तरुण आहेत, अंबाजोगाईला शिकलेल्या, गाडीवरून येतात. त्यांनी फोन हातात घेतला, इकडं तिकडं बोट फिरवलं. मग मला समजावून सांगायला लागल्या, अगदी हळू.

“आजी, राक्षस आहे म्हणून खेळ लहान मुलांचा होत नाही. आत किती रक्त आहे, भीती किती आहे, अनोळखी माणसांशी बोलता येतं का, हे बघून वर वय लिहितात. हा सोळाच्या पुढच्यांचा आहे. आणि इथं प्रज्ञाचं वय टाकलंय अठरा. म्हणून त्यानं तिला सगळं उघडून दिलं. हे वय कुणी टाकलं?”

आता नीट ऐका. ह्याच्यासाठीच मी एवढं लिहीत आलेय.

मी म्हणाले, “पोरंच टाकत्यात ओ मॅडम. आमाला आडाणी मानसांला काय कळतंय त्यातलं?”

अडाणी! मी! विहारात खुर्चीवर बसून पुस्तक वाचणारी, सहीच्या जागी कुणी शाईचा डबा पुढं केला तर तो बाजूला सारून पेन मागणारी मी, त्या दिवशी चटकन अडाणी झाले. आणि तेरा वर्षांच्या पोरीला पुढं केलं.

मॅडमनी प्रज्ञाकडं बघितलं. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी सोसलं असतं. तिनं नुसतं बघितलं, बघावं तसं, मी आणखी काही बोलते का ते. मी बोलले नाही. मग ती खाली बघून म्हणाली, “मीच टाकलं, मॅडम. परत न्हाई टाकनार.”

शाळेतून घरी यायच्या वाटेवर मला आठवलं, ते वाक्य कुठं ऐकलं होतं. ऐकलं नव्हतंच. बोलले होते.

मंगलचं लग्न केलं तेव्हा ती आठवीत होती. चौदा वर्षांची. एक सांगायचं राहिलं, मला अक्षर तिनंच शिकवलं. तिचं पहिलीचं पुस्तक, तिची पाटी, आणि ती गुरुजी होऊन माझ्या बोटांवर छडी मारणारी. ‘आई, क ची मान मोडली तू!’ तिनं मला वाचायला शिकवलं आणि मी तिची शाळा सोडवली. कारणं होती की. आम्ही दोघं नवराबायको तोडीला, वाढती पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? कोपीत न्यायची म्हटलं तर दार नसलेलं घर ते. आणि एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही, नवराबायकोची जोडी लागते. जोडीलाच एक कोयता म्हणतात आमच्याकडं. पोराकडच्यांना जोडी पुरी करायची घाई. सगळं गाव तेच करत होतं. ही सगळी कारणं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगितली, स्वतःला सांगितली. आता लिहून बघितली तर कागदावर अगदी बारीक दिसतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी एक बाई चौकशीला आली होती. तालुक्याहून, उन्हात चालत, खांद्याला पिशवी. मी तिला पाणी दिलं. तिनं वही उघडली. “मुलीचं वय किती?” मंगल दाराची चौकट धरून उभी, कोपरापर्यंत हळद. मी म्हणाले, “अठरा पुरी झाली.” दाखला विचारला तर म्हणाले, हारवला. बाईनं मंगलला विचारलं, “खरं का गं?” मंगलनं माझ्याकडं बघितलं. बघितलं, आणि मान हलवली. बाईनं लिहून घेतलं. तिला खरं वाटलं नसणार, पण लिहून घेतलं.

आणि त्या हंगामात ट्रॉलीवर चढवताना मंगल रडायला लागली. गोणी धरून बसली, चढेना. चारचौघांत शोभा नको म्हणून मी तिच्या कानाशी म्हणाले, “अठराची हायस ना तू? मग घाबरती कावून?”

म्हणजे तिच्याशीसुद्धा मी ते खोटंच बोलले. तिला ठाऊक असताना.

गेल्या वर्षीचा हंगाम मग तसाच सरला. प्रज्ञानं तो गेम स्वतःच काढून टाकला. माझ्याशी पहिल्यासारखी बोलायची, भांडायची, पाय चेपायची. शाळेतली गोष्ट तिनं मंगलला कधी सांगितली नाही, फोनवर नाही आणि मंगल परत आल्यावरही नाही. मला राखलं तिनं. माझ्याहून पन्नासेक वर्षांनी लहान पोरीनं मला राखलं. पावसाळ्यात मी विहारात वाचायला बसले तर ती पुढं येऊन बसायची आणि मी चुकायची. बायका म्हणायच्या, चष्मा बदला आता. मी हो म्हणायची.

हे सगळं असंच पोटात राहिलं असतं. पण काल कौसाबाई आली.

कौसाबाई म्हणजे मंगलची थोरली जाऊ. पोरगा कंपनीत लागला म्हणून ह्या साली तोडीला गेली नाही. आली, बसली, सीताफळ फोडलं. प्रज्ञा अंगणात शेळीला पाला टाकत होती. तिच्याकडं बघत म्हणाली,

“मावशी, पोरगी लई उंच झाली. नेकनूरकडचं स्थळ हाय. पोरगा निर्व्यसनी, स्वताचा टेम्पो हाय. भावजींच्या कानावर घातलंय मी. हंगाम सरला की उन्हाळ्यात उरकून टाकू.”

“मंगल काय म्हनली?”

“तिला काय इचारायचं? ती न्हाई म्हनली तर समजवायला तुमी हाव की.”

“चौदाची हाय ती, कौसा.”

“असू द्या की. अठराची दिसती. कुनी इचारलंच तर अठरा सांगू, कोन बघाया येतंय? आन् मावशी,” कौसाबाईनं बी थुंकली आणि हसली, “तुमाला मी शिकवायचं व्हय? मंगलच्या टायमाला तुमीच तर तोंड भरून सांगितलं हुतं. मी मांडवातच हुते की.”

शेळीला पाला टाकायचा आवाज थांबला होता. प्रज्ञा तिकडं तोंड करून उभी होती, हातात बाभळीची फांदी.

मी उठले. बसून बोलवलं नाही मला. “सांगितलं हुतं,” म्हणाले. “खोटं सांगितलं हुतं. चौदाची हुती मंगल. त्या बाईच्या तोंडावर खोटं बोलले मी, आन् पोरीला मान हालवायला लावली. आता प्रज्ञाचं कुनी इचारलं तर चौदा सांगन. आन् कुनी इचारलं न्हाई तर सोता जाऊन सांगन. शाळंत सांगन, तालुक्याला सांगन. तुमच्या टेम्पोवाल्याला बी सांगन.”

“म्हातारपनी लई शानपन सुचलं, मावशी.”

“लई उशिरा सुचलं,” मी म्हणाले. “तेवढं तुझं खरं.”

ती चहा न घेता गेली. जाताना चपला आपटल्या. 

मी तशीच शाळेत गेले. मॅडम वह्या तपासत होत्या. मी दारातूनच म्हणाले, “मॅडम, गेल्या साली फोनमदी ते अठरा मी टाकायला लावलं हुतं. पोरीनं न्हाई. मला वाचता येतं. समदं कळत हुतं मला.”  त्यांना आठवेचना आधी! मी वर्षभर उरावर दगड घेऊन हिंडतेय आणि त्या म्हणतात, “कुठलं अठरा, आजी?” मग आठवलं. रागावल्या नाहीत. “बसा,” म्हणाल्या. मी बसले, आणि मग कौसाबाईचं, स्थळाचं सगळं सांगितलं. त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. ‘जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात आहे, आजी, ती कुणाला बदलता यायची नाही,’ म्हणाल्या. प्रज्ञाची तारीख एक जून नाही. खरी आहे, दवाखान्यात जन्मल्याची. मला हे माहीत होतं, तरी पुन्हा ऐकून बरं वाटलं.

आणि आज सकाळी मंगलचा फोन आला. न्याहारीची वेळ होती तिची. मागं पाचटाची सळसळ, कुणीतरी मोळी उचलताना हुंकार देत होतं. प्रज्ञा माझ्या शेजारी ओट्यावर, दप्तर पाठीला लावून तयार. एरवी फोन वाजला की तीच उचलते. आज मी उचलला.

कौसाबाईचं सांगितलं.  मंगल म्हणाली, “त्येंच्या कानावर घातलं हुतं जाऊबाईंनी. मी न्हाई म्हनलं. तर म्हनत्यात, तुझी आई समजावंल तुला.”

 मी म्हणाले.

“मंगल, तुझ्या लग्नात त्या वहीवाल्या बाईला मी तुझं वय खोटं सांगितलं हुतं.”

  पलीकडून आवाज आला, साधा, रोजच्यासारखा.

“मला म्हाईत हाय की, आई. मी तितंच हुबी हुते.”

 माफ कर म्हणायचं म्हणून शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही तोंडात येईना. ऊस तोडल्याचे खटाखट आवाज येत होते. मंगलच म्हणाली, “प्रज्ञाला दे फोन.”

दिला. पोरीनं तो कानाला लावला आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मला मंगलचं ऐकू येत नव्हतं, हिचंच येत होतं.

“हां आई... न्हाई, जेवले... हां, कौसाकाकू आलती... न्हाई गं, आजी न्हाई म्हनली... मी तितंच हुते ना. चौदा म्हनली... व्हय आई, खरंच. आजीच म्हनली, चौदा.”